चाक अलाइनमेंट, घरगुती

मोटार किंवा ट्रॅक्टरच्या चाकांचे कोन मशीनवर न नेता टेप, दोरी आणि पान्याच्या साहाय्याने तपासून जुळवणे. टो, कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासून आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) हे तीन कोन यात मोडतात. घरी खात्रीने जुळवता येतो तो टो. पुढच्या दोन चाकांमधले अंतर मागच्या बाजूपेक्षा पुढच्या बाजूला कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट.

चाकूर (जि. लातूर) हा सोयाबीन-तुरीचा, लातूर–अहमदपूर–नांदेड मार्गावरचा तालुका. अशा भागात हे काम मोटारीपेक्षा ट्रॅक्टरच्या संदर्भात अधिक महत्त्वाचे ठरते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाणंद रस्ते उंचसखल होतात आणि पुढच्या धुऱ्याला सतत हादरे बसतात. दुसरे कारण पिकाचे. बहुतेक ट्रॅक्टरांचा पुढचा धुरा भोकांच्या टप्प्यांनी लांब-आखूड करता येतो. रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धतीत चाके सरीतूनच चालावी लागतात. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनींसाठी विकसित केलेल्या मूळ रचनेत दोन सऱ्यांमधले अंतर १.५ मीटर आहे. चाकांमधले अंतर सऱ्यांशी जुळवायला धुरा सरकवावा लागतो. तो सरकवला की टाय रॉडची (चाकांना जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याची) लांबीही त्या मानाने बदलावी लागते, आणि टो नव्याने मोजणे अनिवार्य होते. हे मोजमाप वगळल्याने पुढचे टायर अकाली झिजतात. टो-इन जास्त असल्यास बाहेरची कड झिजते, टो-आउट जास्त असल्यास आतली.

पूर्वतयारी : सपाट कोबा, दोन्ही टायरांत सारखी हवा. चाक जॅकवर उचलून हलवावे. वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा किंगपिन, डावी-उजवीकडे जाणवला तर टाय रॉडचा बॉल जॉइंट तपासावा. हा खेळ काढल्याशिवाय केलेले अलाइनमेंट टिकत नाही. या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब आहे.

मापन : स्टिअरिंग सरळ ठेवावे. दोन्ही पुढच्या टायरांच्या मधल्या धारेवर, पुढच्या बाजूस, धुऱ्याच्या उंचीवर खडूची खूण करून त्यांतले अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे ढकलावा. खुणा मागच्या बाजूस त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजावे. मागचे माप वजा पुढचे माप म्हणजे टो-इन. दोन्ही वेळा त्याच खुणा वापरल्याने रिम थोडी वाकडी असली तरी चूक शिरत नाही, आणि म्हणूनच खाली दिलेल्या दोरीच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत श्रेष्ठ मानावी. लॉकनट सैल करून टाय रॉड फिरवावा; दोन दांडे असतील तर दोन्ही सारखेच. नट आवळून ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे चालवावा आणि पुन्हा मोजावे. योग्य आकडा त्या-त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. तो सहसा काही मिलिमीटरांचा असतो, कारण चालताना जमिनीचा रोध चाके बाहेर ढकलतो आणि सांध्यांतला उरलासुरला खेळ टो-इनमध्ये भरून निघतो.

मोटार : चारही चाकांबाहेरून, दोन्ही बाजूंना समांतर लाइनदोरी ताणून रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजतात. १३ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे सुमारे १० मिनिटांचा कोन. मॅकफरसन स्ट्रट असलेल्या बहुतेक लहान मोटारींत पुढे टोच बदलता येतो. यानंतर मशीनवर तपासणी आवश्यक आहे का, याबाबत मतभेद आहेत.

कॅम्बर : ओळंब्याने अंदाज येतो.

कॅस्टर : घरी सहसा मोजत नाहीत.

इतिहास : वळणावर आतले चाक अधिक वळावे ही स्टिअरिंगची रचना म्युनिकच्या लँकेनस्पर्गरची, रुडॉल्फ आकरमान याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. चाके वळलेली असताना टो मोजू नये, ते याच रचनेमुळे.

ट्रॅक्टरची मागची चाके : टो लागू नाही, मध्यापासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे ठेवतात.