पगाराचा सोमवार

तारीख आहे 1 सप्टेंबर 1975. महिन्याची पहिली आणि श्रावणातला शेवटचा सोमवार, दोन्ही एकाच दिवशी आलेत. म्हणजे आज तुझा उपास आहे आणि आजच तुझा पगार.

सवयीने हात उशाखाली जाईल. मोबाइल शोधू नकोस. वेळ कळायला इथे ऑर्डनन्स फॅक्टरीचा भोंगा आहे. 1953 साली फॅक्टरी आली आणि तिच्या पाळ्यांवर अंबरनाथ पश्चिमेतली कितीतरी घरं उठू लागली. तू बावीस वर्षांची आहेस. खुंटवलीच्या बाजूला चाळीत दोन खोल्या, एक मोरी, दारात पत्र्याच्या डब्यात तुळस. अण्णा विम्कोत आहेत, काड्यापेटीच्या कारखान्यात. विम्को, धरमसी मोरारजी, ऑर्डनन्स: इथले पुरुष पायी नाहीतर सायकलवर कामाला जातात आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येऊ शकतात. तुमच्या घरात रेल्वेचा पास लागणारी तू पहिलीच.

आई स्टोव्हला पंप मारते. रात्री भिजवलेला साबुदाणा परतून डब्यात भरते, वर लिंबाची फोड ठेवते आणि बजावते, "दुपारी चहावर भागवू नकोस गं." तू नायलॉनची साडी नेसतेस, कारण पावसात ती लवकर वाळते. बाहेर रिपरिप आहे. पुलावर चढताना ढग थोडे फाकतात आणि तुझ्या मागून, पश्चिमेच्या अंगाने, सूर्य दिसतो. यात चूक काही नाही. कल्याणच्या पुढे रूळ आग्नेयेकडे वळतात, पण दोन्ही बाजूंची नावं मुंबईकडून आली तशीच राहिली. म्हणून आपल्या पश्चिमेला सूर्य उगवतो, आणि पूर्वेचं शिवमंदिर स्टेशनाच्या नैर्ऋत्येला आहे.

बायकांचा डबा फलाटावर जिथे थांबतो, तिथे तुमचा घोळका उभा असतो. कर्जतहून येणारी गाडी बदलापूरलाच भरलेली येते. तरी पदर खोचून तू आत शिरतेस, आणि कोणीतरी सरकून तुला चौथी सीट देते. अर्धीच टेकायला मिळते, पण मिळते. टेलिफोन ऑपरेटर, शाळेतली बाई, बँकेतली ताई, उल्हासनगरला चढणारी तुझी कॉलेजमधली सिंधी मैत्रीण. तिचे आईवडील फाळणीनंतर कल्याण कॅम्पच्या बराकीत आले होते. तुम्ही दोघी चांदीबाई कॉलेजात एका बाकावर बसलात. ते कॉलेज 1965 साली उल्हासनगरात निघालं नसतं, तर आजूबाजूच्या किती मुलींचं शिक्षण मॅट्रिकला थांबलं असतं!

गप्पा गणपतीच्या खरेदीवर येतात, कारण गणपती आठवड्यावर आले आहेत. मिनर्व्हाला लागलेल्या 'शोले'वर येतात. मग रॉकेल, तेल, साखर. दोनतीन वर्षांपूर्वी महागाईविरुद्ध निघालेल्या लाटणं मोर्चाची आठवण बँकेतली ताई काढते, मृणाल गोरेंचं नाव घेते आणि आवाज खाली आणते. आणीबाणी लागून दोन महिने उलटलेत, आणि मृणालताई भूमिगत आहेत. तुला पुढचं ठाऊक आहे. दीड वर्षाने हीच बाई लोकसभेवर निवडून जाणार आहे. आत्ता तोंडातून काढू नकोस, डब्यात कोणाला खरं वाटणार नाही. तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात घुसते. 1916 साली खोदून झालेला हा सव्वा किलोमीटरहून लांब अंधार. आवाजाने कोणाचंच काही ऐकू येत नाही. बाहेर आल्यावर प्रत्येक जण आपलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे चालू करते.

ऑफिस फोर्टात आहे. मस्टरवर वेळेत सही, कारण हल्ली लेटमार्कला माफी नाही. मग दिवसभर मराठी टाइपरायटर. 1964 च्या राजभाषा कायद्याने सरकारी कामकाज मराठीत आलं आणि मराठी टायपिंग येणाऱ्या मुलींना नोकऱ्यांचं एक दार उघडलं. तुझी खुर्ची त्या कायद्यामुळे आहे. कार्बन लावून चार प्रती, स्टेन्सिल, दुरुस्तीचा लाल द्रव. हात चालत असतात, मन घड्याळावर असतं.

दुपारी कॅशियरच्या टेबलाशी रांग लागते. महागाई भत्त्यातल्या वाढीचा अर्धा भाग गेल्या वर्षीपासून सक्तीच्या ठेवीत जातो, त्यावर रांगेत सगळ्यांचीच कुरकुर. तुझी पाळी येते. पगारपत्रकात तुझ्या नावासमोर रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं असतं, त्यावर आडवी सही करायची. जरा थांब आणि कागद नीट बघ. तुझ्या वरच्या ओळीत पुरुष टायपिस्ट आहे, त्याची वेतनश्रेणी तुझीच आहे. बाहेर अजून तसं नाही. सरकारनेच नेमलेल्या समितीने वर्षाच्या सुरुवातीला देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल दिलाय, त्यात कामकरी बाईला किती कमी लेखलं जातं ते आलंय. समान वेतनाचा वटहुकूम निघायला अजून 25 दिवस आहेत. जग यंदा महिला वर्ष साजरं करतंय, मेक्सिकोत परिषद झाली. त्या सगळ्याची तुझ्यापर्यंत पोचलेली खूण म्हणजे या दोन सारख्या ओळी. मला त्या फार मोलाच्या वाटतात.

पाकीट पर्समध्ये, पर्स काखेत घट्ट. व्ही.टी.ला स्टॉलवर 'स्त्री'चा नवा अंक घेतेस. दारातल्या गजरेवालीकडून एक गजरा. बटाटेवड्याचा वास येतो आणि तू केळी घेतेस. गाडी इथूनच सुटणार, म्हणून खिडकी मिळते. पुढचा दीड तास, साठ किलोमीटर, तुला कोणी हाक मारणार नाही. आई नाही, साहेब नाही, "जरा एवढं करून दे" नाही. अंक मांडीवर उघडायचा, दोन पानं वाचायची, भायखळ्यानंतर डोळे मिटायचे, कुर्ल्याला उघडायचे. सकाळी सगळ्यांत बसून बोलण्यात एक सुख होतं, आता न बोलण्यात दुसरं आहे. घरी दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. एकटं बसायची जागा तुला या डब्यात मिळते, तीही पन्नास बायकांमध्ये.

ठाण्यानंतर टेलिफोन ऑपरेटर वही काढते. रविवारी शिवाजी मंदिरला नाटक, सगळ्यांनी मिळून जायचं, पैसे आजच द्यायचे. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना नाटक म्हणजे दादरच. तू गप्प होतेस. पगाराचं पाकीट आजवर फुटलं नाही. ते जसंच्या तसं देवापुढे जायचं, तिथून अण्णांच्या हातात, आणि मग पासाचे नि चहाचे पैसे तुला परत मिळायचे. कोणी तसा नियम केलेला नाही. अण्णा रागावणारेही नाहीत. पण धाकट्याची फी आहे, चाळीचं भाडं आहे, गणपती आहे, आणि हे सगळं तुला मागितल्याशिवाय द्यावंसं वाटतं. मग पाच रुपये काढताना हात का अडावा? डोंबिवली जाते. तू मनात हिशोब मांडतेस: फी गेली, भाडं गेलं, तरी पाच उरतात. ते उरतात हे तुला महिन्यामहिन्याला ठाऊक होतं, फक्त ते आपले आहेत असं कधी म्हणून पाहिलं नव्हतंस. विठ्ठलवाडीला तू पाकिटाची कड फाडतेस आणि पाचाची नोट वहीवर ठेवतेस. ऑपरेटर तुझ्या नावापुढे बरोबरची खूण करते. तिला त्यात विशेष काही वाटत नाही, आणि तेच बरं आहे.

अंबरनाथला उतरून तू आज आधी पूर्वेला जातेस. डब्यातली नुकतं लग्न झालेली एक जण सोबत आहे; चौथा सोमवार म्हणून तिच्या पिशवीत शिवामुठीचे जव आहेत. वालधुनीला पाणी चढलंय. शके 982 मध्ये, म्हणजे 1060 साली, शिलाहारांनी उभारलेल्या या देवळाचा काळा दगड पावसात आणखी काळा दिसतो, आणि बाहेरच्या भिंतींवरच्या दगडी बायकांच्या खांद्यांवरून पाणी ओघळतं. गाभारा खाली आहे, ओल्या पायऱ्यांवरून जपून उतरावं लागतं. रांग हळू सरकते. तुला काही मागायचं सुचत नाही. आज पोट रिकामं असूनही तू तृप्त आहेस, हे तेवढं तुझ्या लक्षात येतं. बेल वाहून तू वर येतेस आणि पूल ओलांडून पश्चिमेला उतरतेस.

घरी भाताचा वास सुटलाय, उपास सोडायला सगळे तुझी वाट पाहत बसलेत. तू पाकीट देवापुढे ठेवतेस. अण्णा उचलतात, फाडलेली कड बघतात, तुझ्याकडे बघतात.

"पाच काढलेत," तू म्हणतेस. "रविवारी नाटकाला जायचंय, डब्यातल्या सगळ्या आहेत."

अण्णा मान हलवतात आणि नोटा मोजायला घेतात. आई वरण वाढता वाढता विचारते, "शिवाजी मंदिर ते दादरलाच ना?"

"हो."

"सुटल्यावर कर्जत गाडी मिळते का?"

"मिळते. मला सगळ्या पाठ आहेत."

आई तुझ्या पानात लिंबू वाढते. मग म्हणते, "आणखी एक जागा असेल का, विचार उद्या त्यांना."