वडीलसभा
प्रेसबिटेरियन ख्रिस्ती पंथात स्थानिक मंडळीचा कारभार पाहणारी, पाळक व निर्वाचित वडील यांची संयुक्त सभा. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या प्रेरणेने १५४१ मध्ये जिनीव्हा नगरात जे धर्मनियम संमत झाले, त्यांत पाळक, अध्यापक, वडील व सेवक अशी चार पदे निश्चित झाली. तेथील धर्मसभेत नगरपरिषदांतून निवडलेले १२ वडील पाळकांसह दर आठवड्यास बसत, आणि अध्यक्षस्थान मात्र कॅल्व्हिनकडे नसून नगराच्या एका दंडाधिकाऱ्याकडे असे. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये हे अध्यक्षपद पाळकाकडे आले, तथापि परंपरेने त्यास केवळ समसमान मते पडल्यासच निर्णायक मत देता येई. उपदेश व संस्कारविधी ही पाळकाची अखत्यारी, तर सभासदांचा प्रवेश, शिस्त व नैतिक देखरेख ही संपूर्ण सभेची जबाबदारी होय. पाळक हा प्रेसबिटरी या वरिष्ठ सभेस जबाबदार असल्यामुळे वडिलांना त्यास परस्पर बडतर्फ करता येत नाही, व त्यासही वडिलांना डावलून कारभार हाकता येत नाही. तंटा उद्भवल्यास प्रेसबिटरीकडे दाद मागता येते. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनद्वारे ही पद्धती कोल्हापूर परिसरात आली; १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये बिशपपदाशी तिचा समन्वय साधण्यात आला.