श्रीधरांचें ग्रंथऋण
सोलापूर जिल्ह्यांतील नाझरें गांवच्या श्रीधर कवींनीं १७०२ सालीं ‘हरिविजय’ व १७०३ सालीं ‘रामविजय’ हे ग्रंथ रचिले. संस्कृतांतील कथा त्यांनीं आपल्या ओवींत, आपल्या शब्दांत सांगितल्या. तरीही अध्यायाच्या समाप्तीस आधारग्रंथांचा निर्देश करण्यास ते चुकले नाहींत. पहिल्यांत हरिवंश व भागवत, दुसऱ्यांत वाल्मीकिरामायण व रामकथेचें नाटक. शब्द बदलले म्हणून कथेचा मूळ धनी बदलत नाहीं, हा त्यांतील विवेक होय. आज अवतरणचिन्हें व तळटीपा आहेत. परंतु त्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुरत्या. त्या काळीं पोथी मोठ्यानें वाचली जाई. त्यामुळें हें ऋण अध्यायागणिक श्रोत्यांच्या कानांवर पडे. तें बोलून दाखविल्यानें श्रीधरांचें श्रेय मात्र तिळभरही उणावलें नाहीं.