सोमवारचा दम

सिलिकोसिसचे डाग एक्स-रेवर बोट ठेवून दाखवता येतात. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिसची अशी खूण फिल्मवर उमटत नाही. पुरावा म्हणून मुख्यतः उरतं ते कामगाराचं सांगणं. त्यामुळे या रोगाचा मागोवा म्हणजे कामगाराला कुणी काय विचारलं, याचाच मागोवा.

‘धंदा काय?’ हे रोग्याला आवर्जून विचारा, असं इटलीच्या बर्नार्डिनो रामाझिनीने १७०० साली वैद्यांना बजावलं. अळशीचा नि भांगेचा वाख पिंजणाऱ्यांचा खोकला त्याने नोंदवला होता. १८३१मध्ये जेम्स के यांनी इंग्लंडमधल्या सूतगिरणी कामगारांच्या छातीच्या आजाराचं वर्णन केलं. १८७७ साली आद्रियाँ प्रूस्त यांनी, म्हणजे कादंबरीकार मार्सेलच्या वडिलांनी, त्याला आजचं नाव दिलं.

नेमका प्रश्न सापडला तो १९५०च्या दशकात, लँकेशरमध्ये. डॉ. रिचर्ड शिलिंग तिथल्या सूतगिरणी कामगारांना विचारत, ‘छाती कुठल्या दिवशी आवळते?’ उत्तर येई, सोमवारी. रविवारची सुट्टी संपवून खात्यात शिरलं की काही तासांत दम लागायचा आणि मंगळवारी उतार पडायचा. पुढे वर्षं सरली की आठवड्याचे सगळे दिवस सोमवारसारखेच जायचे. शिलिंग यांनी रोगाच्या पायऱ्या यावरूनच ठरवल्या. कापसातल्या काडीकचऱ्यावर वाढणाऱ्या जीवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष या रोगाचं मुख्य कारण मानलं जातं.

अमेरिकेने १९७८मध्ये सूतकताईसाठी धुळीची मर्यादा घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम ठरवली. सोबत प्रश्नावली आणि पाळीच्या आधी व नंतर फुंकर-तपासणीही सक्तीची केली. गिरणीमालक खर्चाचं कारण पुढे करून कोर्टात गेले, पण १९८१मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले.

मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. तिथून गिरणगाव उभं राहिलं. कापूस मोकळा करणाऱ्या ब्लोरूम आणि पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यांत धूळ सर्वांत दाट. खोकणाऱ्याला मात्र ‘टीबी’, ‘दमा’ नाहीतर ‘बिडी सोड’ एवढंच ऐकावं लागे. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांच्या चमूने मुंबईतल्या एका गिरणीतल्या बायसिनोसिसवर १९९५मध्ये निबंध प्रसिद्ध केला, तोवर गिरणी कामगारांचा १९८२चा संप होऊन गेला होता आणि गिरण्या मोडीत निघत होत्या.

बायसिनोसिस आज कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीत आहे. डॉक्टरने तो कळवणं बंधनकारक आहे. पण विदर्भात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये हंगामापुरता राबणारा माणूस दवाखान्यात गेला आणि केसपेपरवर ‘मजूर’ एवढंच लिहिलं गेलं, तर कळवायचं काय? त्या रकान्यात ‘जिनिंग, किती हंगाम’ असं लिहायला पैसा लागत नाही. भरपाईची वाट तिथूनच सुरू होते.