लिनक्स सुरू होताना वाय-फाय जोडले जात नसेल तर…

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी आवृत्ती न पेलणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवणे हा त्यावरील एक विनाखर्चिक उपाय आहे. मात्र संगणक सुरू झाल्यावर वाय-फाय आपोआप जोडले न जाणे, ही अडचण नवख्या वापरकर्त्याला हमखास गोंधळात टाकते. परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची घटका जवळ आली असता, घाईघाईने सारी प्रणाली पुन्हा बसवण्याचा मोह होतो. त्याची गरज क्वचितच असते. दोष कोणत्या पायरीवर आहे, हे आधी क्रमाने शोधावे.

तातडीची सोय

अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. बहुतेक लिनक्स वितरणांत ही जोडणी लगेच चालते. तातडीचे काम उरकता येते आणि पुढील दुरुस्तीसाठी लागणारी पॅकेजेसही उतरवून घेता येतात.

रेडिओ बंद आहे का?

टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे होकार दिसल्यास लॅपटॉपवरील वाय-फायची कळ किंवा बटण तपासावे. होकार केवळ ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ ही आज्ञा पुरते. संगणक बंद करताना वाय-फाय ज्या स्थितीत होते, ती स्थिती सिस्टिमडी जतन करून ठेवते. म्हणून काल चालू केलेला विमान मोड आजही कायम असू शकतो.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर

वाय-फायचा पर्यायच दिसत नसेल, तर ‘सुडो डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलची नोंदवही वाचावी. फर्मवेअर सापडले नाही, अशी नोंद तेथे असल्यास त्या चिपचे फर्मवेअर पॅकेज बसवावे. डेबियनने जून २०२३ मधील १२व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर स्थापना-माध्यमातच समाविष्ट केले. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते वेगळे घ्यावे लागे. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना स्वतंत्र ड्रायव्हर लागतो.

कर्नल अद्ययावत झाल्यानंतर दोष उद्भवला असेल, तर ग्रब यादीतील प्रगत पर्यायांतून जुने कर्नल निवडून पाहावे. त्यावर वाय-फाय चालल्यास दोष नव्या कर्नलशी निगडित आहे, हे निश्चित होते.

दोन व्यवस्थापकांचा संघर्ष

नेटवर्कमॅनेजर ही सेवा चालू असणे पुरेसे नाही. ती आरंभीच सुरू होण्यासाठी सक्षम केलेली असावी लागते. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस नेटवर्कमॅनेजर’ या आज्ञेत दोन्ही बाबी कळतात. त्याच्या जोडीला डीएचसीपीसीडी किंवा सिस्टिमडी-नेटवर्कडी ही सेवाही तेच कार्ड हाताळत असेल, तर दोघांच्या ओढाताणीत जोडणी तुटते. एका कार्डाला एकच व्यवस्थापक असावा.

लॉगइननंतरच जोडणी होते?

येथे यंत्र निर्दोष असते. प्रश्न पासवर्डच्या साठवणीचा असतो. पासवर्ड एकाच वापरकर्त्याच्या किल्लेसंचात असेल, तर तो संच उघडेपर्यंत प्रणालीला मिळत नाही. स्वयंचलित लॉगइन ठेवल्यास संच बंदच राहतो आणि पासवर्ड पुनःपुन्हा विचारला जातो. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप जोडा’ आणि ‘सर्व वापरकर्त्यांसाठी उपलब्ध’ हे पर्याय निवडावेत व पासवर्डही सर्वांसाठी साठवावा. मात्र तो साध्या मजकुरात साठतो. ती फाइल केवळ प्रशासकाला वाचता येत असली, तरी सामायिक संगणकावर हे ध्यानात ठेवावे.

विंडोज शेजारी असेल तर

विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ संगणक पूर्णपणे बंद करत नाही. त्यामुळे कार्ड अर्धवट स्थितीत राहून लिनक्सला प्रतिसाद देत नाही. विंडोज ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आल्यावर वाय-फाय चालत असेल, तर कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. विंडोजच्या पॉवर पर्यायांतून ही सोय बंद करावी.

एका वेळी एकच बदल करावा, संगणक पुन्हा सुरू करून परिणाम पाहावा आणि केलेला बदल वहीत टिपून ठेवावा. एवढे करूनही दोष उरला, तर ‘जर्नलसीटीएल -बी’ या आज्ञेने मिळणारी त्या आरंभाची नोंद जाणकाराला दाखवावी. ‘वाय-फाय चालत नाही’ या तक्रारीपेक्षा त्या नोंदीतील एखादी ओळ निदानाला अधिक उपयोगी पडते.