शौचातून रक्त : मूळव्याध की आतड्याचा कर्करोग?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात काय किंवा इतर कुठे काय, शौचातून रक्त पडले की घरात पहिला अंदाज मूळव्याधीचाच लावला जातो. बहुतेकदा तो खराही ठरतो. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगातही असेच रक्त जाते. तपासणी न करता चूर्ण आणि मलमावर महिने निघून जातात, आणि खरा धोका तिथेच आहे. शिवाय एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात.

मूळव्याधीचे रक्त सहसा लालभडक असते आणि मळापासून वेगळे पडते. रक्त मळात मिसळलेले, काळपट किंवा चिकट आवेसोबत असेल तर संशय वाढतो. तरीही रंगावरून घरी निदान करू नये. गुदाशयातल्या गाठीचे रक्तही लालभडक असू शकते.

शौचाची सवय तीन-चार आठवडे बदललेली राहणे हे दुसरे लक्षण : कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, मळ बारीक होणे, जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे. विनाकारण वजन घटणेही त्यातच.

उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ मात्र फसवी. रक्त डोळ्यांना दिसत नाही, नुसता थकवा येतो आणि हिमोग्लोबिन उतरते. पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या बाईत लोहाची कमतरता आढळली, तर गोळ्यांसोबत रक्त कुठून जाते हेही शोधावे लागते.

वय कमी म्हणून निर्धास्त राहू नये. अभिनेता चॅडविक बोसमन 2020 मध्ये याच आजाराने 43व्या वर्षी गेला. रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सरकारी कर्करोग तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांवर भर असतो, आतड्यावर नाही. म्हणजे लक्षण दिसल्यावर स्वतःच जावे लागते. डॉक्टर आधी बोटाने गुदाशय तपासतात. लाज वाटते, पण काम दोन मिनिटांचे असते. पुढची तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी. आतड्यातले कोंब कर्करोगात बदलायला बहुधा वर्षे लागतात, आणि ते याच दुर्बिणीतून काढता येतात. शहरात त्यासाठी घाटी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगाच्या अनेक उपचारांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू होते.

पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच व वायू दोन्ही बंद असतील, तर आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी ओपीडीची वाट न पाहता थेट अपघात विभाग गाठावा.