भुताविना भय

भयपटात भीती वाटते ती भुताची, असे आपण समजतो. खरे तर कॅमेरा कुठे उभा आहे, यावर ती बरीचशी अवलंबून असते. १९४९ सालचा ‘महल’ आठवून पाहा. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट कमाल अमरोही यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. लोक तो पाहताना दचकले, पण त्यात भूत नाहीच! शेवटी कळते, ती माळ्याची मुलगी होती.

मग भीती आली कुठून? अशोककुमार जुन्या हवेलीत राहायला येतो. तिथल्या तसबिरीत त्याला आपलाच चेहरा दिसतो. रात्री घड्याळाचे ठोके पडतात, गाण्याचे सूर येतात. तो आवाजामागे निघतो आणि आपणही त्याच्याबरोबर. झोपाळ्यावर कुणी तरी बसलेली दिसते, पण लांबून. मध्ये खांब, दारे, काळोख. कॅमेऱ्याने लगेच क्लोजअप घेतला असता तर मधुबालेचा देखणा चेहरा दिसला असता आणि भीती तिथेच संपली असती. लाँग शॉट तिला आकृतीच ठेवतो. चेहरा आपले मन रंगवते. गाण्याच्या ध्वनिमुद्रणातही हेच तत्त्व होते. लताबाई मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या, अशी आठवण त्यांनीच सांगितली आहे.

मुशायऱ्यातही हेच चालते. शायर पहिली ओळ दोनदा म्हणतो, दुसरी रोखून धरतो. अमरोही मुळात उर्दूचे लेखक. थांबवून ठेवण्याची ताकद त्यांना ठाऊक असणारच.

पण ‘महल’चा काळोख टिपला तो एका जर्मन माणसाने. जोसेफ विर्शिंग १९०३ साली म्युनिचला जन्मले. तिथल्या एमेल्का कंपनीतर्फे ‘लाइट ऑफ एशिया’च्या चित्रीकरणासाठी ते १९२५ मध्ये भारतात आले. तेव्हाचा जर्मन चित्रपट सावल्यांशी बोलत होता. मुर्नाऊच्या १९२२ च्या ‘नोस्फेरातू’मध्ये जिना चढते ती पिशाच्चाची नुसती सावली, तो स्वतः चौकटीबाहेरच राहतो. पुढे १९६० मध्ये हिचकॉकने ‘सायको’त कॅमेरा जिन्याच्या थेट वर नेला. वरून खून दिसतो, खुनी दिसतो, चेहरा मात्र दिसत नाही. दाखवायचे आणि लपवायचेही, हा कोनाचा खेळ.

बॉम्बे टॉकीज १९३४ साली मालाडला उभी राहिली, तेव्हा विर्शिंग तिचे छायालेखक झाले. ‘अछूत कन्या’ त्यांनीच टिपला. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने त्यांना छावणीत डांबले. पाच वर्षे मालाडमध्ये राबलेला माणूस एका रात्रीत ‘शत्रू’ झाला. सरकारनेही त्यांना लाँग शॉटमध्येच पाहिले म्हणायचे. चेहरा नाही, नुसती आकृती.

सुटल्यावर त्यांनी पुन्हा इथेच कॅमेरा हाती घेतला आणि आपल्याला ‘महल’ दिला. १९६७ साली मुंबईतच ते वारले. त्यांनी टिपलेला ‘पाकीजा’ तेव्हा अपुरा होता; पडद्यावर आला १९७२ मध्ये.

‘महल’ पुन्हा पाहाल तेव्हा भूत शोधू नका. तिच्या-आपल्यातले अंतर पाहा. ते मिटते तिथे भीती मरते. माणसामाणसांतही याहून वेगळे काय घडते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)